कावडवाल्याने ओतलेलं पाणी

आमच्या गावात कोणाच्या घरी इन्व्हर्टरची नवी बॅटरी आली की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. फार वर्षांपूर्वी धानाच्या गिरणीत बॅटऱ्या चार्ज होत होत्या. जंगलातला एक कावडवाला आत शिरला, त्याने तेजाबावर पाणी ओतलं, बॅटरी फुटली आणि गिरणीच्या धाकट्या मालकांचे दोन्ही डोळे गेले. गोष्ट संपली की सांगणारा म्हणतो, "म्हणून तेजाबाजवळ पाणी नाई नेवाचं."

ही गोष्ट पहिल्यांदा मी सांगितली. त्या खोलीत बॅटऱ्या चार्ज करणारा मीच होतो.

कावडवाला केव्हाच वारला. धाकटे मालक अजून आहेत, नव्वदीला टेकलेले. आणि कावडवाल्याच्या नातवाने आमच्या बाजाररस्त्यावर बॅटरीचं दुकान टाकलं आहे. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, धानावर औषध फवारणाऱ्या ड्रोनचे पॅक, असलं काम. पोरगा कामाला चांगला आहे, पण दुकानात माणूस फिरकत नाही. समोरच्या टपरीवर मी चहा पीत बसलो होतो तेव्हा शेजारचा एक जण दुकानाकडे बोट करून म्हणाला, "आज्यानं डोये घेतले, आता नातू घरं जाळंन." सगळे हसले. मी अर्धा चहा टाकून घरी आलो. तो माणूस बोलला ते शब्द माझेच होते, फक्त नातवापर्यंत वाढवलेले. म्हणून आता जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

त्या काळी आमचा जिल्हा चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर. गडचिरोली ही त्यातली एक तहसील, आणि नदी ओलांडली की भामरागडपर्यंत नुसतं रान. गावात वीज नव्हती. होती ती एकाच जागी, धानाच्या गिरणीत. गिरणीच्या ऑइल इंजिनवर एक जास्तीचा पट्टा चढवून डायनामो फिरवायचा आणि त्यावर बॅटऱ्या चार्ज करायच्या, असा जोडधंदा मालकांनी काढला होता. लाकडाच्या ठेकेदारांच्या ट्रकच्या बॅटऱ्या यायच्या. जंगलातल्या काही गावांना सरकारने रेडिओ दिले होते, त्यांच्या यायच्या. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, आणि शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, सुरू झाल्या की लाउडस्पीकरच्या बॅटऱ्यांची रांग लागायची.

मी विशी नुकतीच ओलांडली होती. काम नागपूरला एका मोटार वर्कशॉपात शिकलो. तिथले उस्ताद तोंडाने कमी आणि हाताने जास्त शिकवायचे. तेजाब पातळ करायला सांगितलं तेव्हा मी पाण्याचा मग घेऊन तेजाबाच्या बरणीकडे निघालो. उस्तादांनी मागून कानाखाली अशी लगावली की मी भिंतीवर आपटलो. मग त्यांनी बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडं वितळून थिजलेल्या मेणासारखं होतं.

"पहले पानी. उसमें तेजाब, धीरे धीरे. उलटा किया तो उबल के मुँह पे आएगा."

कारण मला कळलं होतं. पण पुढे मी दुसऱ्यांना शिकवायला लागलो तेव्हा कारण नेलं नाही, कानाखालची तेवढी नेली.

गिरणीत हमाल, गाडीवान, ट्रकचे क्लीनर, सगळे माझ्या खोलीत डोकवायचे. मी ओरडायचो, "तेजाबात पाणी नाई! तेजाबाजवळ पाणी नाई!" भिंतीवर कोळशाने लिहूनही ठेवलं होतं. का नाही, हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते साधं निघालं असतं, आणि माझा दरारा कमी झाला असता. मी स्वतः मात्र दिवसातून कितीदा तरी हात बादलीत बुडवत होतो. तेजाबाचा शिंतोडा उडाला की आग पेटते, भरपूर पाणी घातलं की निवते. माझ्या खोलीत पाण्याची बादली कायम भरलेली असे ती त्यासाठीच.

मारहाण ही गिरणीत रोजची गोष्ट होती. मालकांच्या गादीमागे खिळ्याला इंजिनच्या पट्ट्याचा एक तुकडा टांगलेला असे, टोकाला लोखंडी चाप असलेला. पोतं फुटलं की हमालाच्या पाठीवर तो पडायचा. एकदा इंजिनवाल्याची बोटं पट्ट्यात गेली. त्याने दुसऱ्या हाताने इंजिन बंद केलं, तर मालकांनी आधी त्याला इंजिन बंद केल्याबद्दल मारलं आणि मग डॉक्टरकडे पाठवलं. आम्ही सगळे ते पाहायचो आणि आपापल्या खालच्याला मारायचो. मीही त्यात होतो.

मालक एकाच माणसाशी मऊ बोलायचे, धाकट्या भावाशी. वडील लवकर गेल्यावर त्यांनीच त्याला वाढवलं होतं. धाकटे मालक हसतमुख, बैलांचे शौकीन. गिरणीत त्यांचा पाय ठरत नसे. कुठे पट असला की लाउडस्पीकरचा भोंगा बैलगाडीत टाकून निघायचे आणि जोड्यांची नावं स्वतः पुकारायचे. आवाज मोठा गोड होता.

आता चिणगीचं सांगतो, कारण डोळे तिच्यामुळे गेले.

बॅटरी भरली की नाही ते काचेच्या पिचकारीने बघतात. पिचकारीत बॅटरीतलं तेजाबपाणी ओढायचं, आतलं भिंगरू, म्हणजे काचेचा तरंगा, किती वर येतं ते वाचायचं. आमच्याकडे त्यावर कोणाचा विश्वास नव्हता. "काचेतलं भिंगरू नाचलं, म्हणजे आमी का समजाचं?" असं म्हणायचे. त्यांना चिणगी दिसली पाहिजे. जाड तांब्याची तार बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांना निमिषभर टेकवली की निळी ठिणगी कडकन उडते. ती उडाली की गिऱ्हाईक म्हणायचं, "हाव, भरली!" आणि मगच बॅटरी खांद्यावर घ्यायचं. चिणगी न पाहता बॅटरी नेणारा माणूस त्या मुलखात मला भेटला नाही.

उस्तादांनी मला याचीच सगळ्यात जास्त भीती घातली होती. चार्ज होताना बॅटरीतून वायू निघतो. तो दिसत नाही. त्याला भडकायला एक ठिणगी पुरते. सुरुवातीला मी डायनामो सोडवायचो, बॅटरी बाहेर वाऱ्यावर नेऊन ठेवायचो, थोडी थंड होऊ द्यायचो आणि मग चिणगी दाखवायचो. पुढे गर्दी वाढली तसा मी बॅटऱ्या चार्जला ठेवायच्या फळीवरच चिणगी दाखवायला लागलो. त्यात गिरणीतला कोंडा आत येऊन बॅटऱ्यांत पडतो म्हणून खिडकीवर बारदान ठोकलं होतं. वायू जायला वाट उरली नव्हती. रोज काही होत नव्हतं, म्हणून काही होणार नाही असं मला वाटायला लागलं.

कावडवाला नदीपलीकडच्या एका गोंड गावाचा. माझ्याहून वयाने मोठा, तरी मला दादा म्हणायचा. गावच्या रेडिओची बॅटरी तो कावडीने आणायचा. एका शिंक्यात बॅटरी, दुसऱ्यात तोलासाठी दगड. जाताना दगड टाकून त्या जागी मीठ घ्यायचा. चालताना बॅटरी हिंदकळायची, तेजाब त्याच्या पिंढरीवर सांडायचं. त्याच्या पंच्याची जाळी झाली होती आणि एका पायावर पांढरे डाग पडले होते.

एकदा त्याची बॅटरी काठोकाठ भरलेली आली. मी विचारलं, "हे कोनं भरलं?"

"वाटेत सांडलं दादा. कमी दिसलं, तं नाल्याचं टाकलं थोडंसं."

मी त्याला थोबाडीत मारली. कावड खांद्यावरून घसरली, दगड त्याच्या पायावर पडला. मी आणखी एक मारली.

"तेजाबात पाणी टाकते बे? मरशील अन् आमालेही मारशील!"

पोत्यांवर बसलेला एक धिप्पाड हमाल ओरडला, "वा रे इंजिनेर! आता रेडिओत बातम्या नाई, मासोया बोलतीन!" सगळी गिरणी हसली. त्याने पाय चोळला, दगड पुन्हा शिंक्यात ठेवला आणि म्हणाला, "नाई टाकनार दादा."

खरं तर बॅटरीतलं पाणी कमी झालं की पाणीच घालावं लागतं, फक्त ते शुद्ध लागतं, नाल्याचं चालत नाही. एवढं सांगितलं असतं तर त्याला समजलं असतं. मी सांगितलं नाही, मारलं. आणि त्या दिवसापासून तो गिरणीभर तेजाबात पाणी टाकणारा म्हणून ओळखला जाऊ लागला.

त्या वर्षी धान घरी आल्यावर गावाबाहेर पट भरला. धाकट्या मालकांची जोडी पहिल्यांदाच उतरणार होती. सकाळपासून त्यांचा आवाज भोंग्यातून गिरणीपर्यंत येत होता. मग तो बारीक होत गेला आणि बंद पडला. थोड्या वेळाने दोन माणसं धावत बॅटरी घेऊन आली.

"भोंगा मेला भाऊ! लवकर भर. धाकट्या मालकाची जोडी दुपारी हाये."

बॅटरी भरायला वेळ लागतो. तो वेळ माझ्याजवळ नव्हता, आणि नाही म्हणायची हिंमतही नव्हती. डायनामो आणि बॅटरीच्या मध्ये बल्बांची एक फळी असे. जितके बल्ब लावावे तितकी वीज जास्त जाते. मी सगळे लावले. बॅटरी तापली, आत खदखद उकळल्यासारखा आवाज यायला लागला. वास घशाला लागत होता. कावडवाला त्याच दिवशी आपली भरलेली बॅटरी न्यायला आला होता. तो दाराशी कावड टेकवून उभा होता आणि खोकत होता. मी म्हटलं, "बाहेर मर." तो एक पाऊल मागे सरला.

दुपारी धाकटे मालक स्वतःच आले. फेट्यावर गुलाल, अंगात नवा सदरा. मागे पटातली चार-पाच माणसं, हातांत तुताऱ्या, म्हणजे टोकाला खिळा ठोकलेल्या बैल हाकायच्या काठ्या.

"झाली का नाई भाऊ? बैल थांबून राह्यले, लोकं शिव्या देऊन राह्यले."

"झाली."

"मंग दाखव चिणगी. मागच्या खेपेले अर्धीच देल्ली होती तुनं."

मागून कोणी म्हणालं, "भाऊची सोताचीच चिणगी इझली वाट्टे!" सगळे खो खो हसले. मला राग आला. मी डायनामो सोडवला नाही. बुचं उघडीच होती. तार हातात घेतली.

उजेडात चिणगी नीट दिसत नाही. म्हणून माणसं तिच्यावर हाताचा आडोसा करून खाली वाकतात. धाकटे मालक तसेच वाकले. त्यांचा चेहरा बॅटरीच्या अगदी वर होता. मी तार टेकवली.

कान एकदम सुन्न झाले. बॅटरीचं झाकण फुटून छताला गेलं. काळे तुकडे भिंतीत, माझ्या हनुवटीत, बल्बांत घुसले. काचा पडल्या. धाकटे मालक दोन्ही हातांनी चेहरा धरून मागे कोसळले आणि ओरडायला लागले. ती किंकाळी बैल कापल्यासारखी होती. त्यांच्या नव्या सदऱ्याला माझ्या डोळ्यांदेखत भोकं पडत होती. भुवया पांढऱ्या पडून गळत होत्या.

माझ्याही हातावर तेजाब पडलं होतं. मी काय केलं ते लिहितो. मी माझा हात बादलीत घातला. आधी माझा. कोपरापर्यंत बुडवून धरला, आणि समोर तो माणूस लोळत असताना मला गार वाटलं.

कावडवाल्याने ते पाहिलं. त्याने आत उडी घेतली, बादली माझ्या हाताखालून ओढून घेतली, धाकट्या मालकांच्या छातीवर गुडघा ठेवला, त्यांचे हात बाजूला केले आणि चेहऱ्यावर पाणी ओतायला लागला. एका हाताने पापण्या ताणून धरत होता. "येर! येर!" ओरडत होता. गोंडीत येर म्हणजे पाणी. मी तोंडाने कधी जे सांगितलं नव्हतं ते त्याने माझ्या हाताकडे पाहून ओळखलं होतं.

पाणी डोळ्यांत गेल्यावर धाकटे मालक आणखी जोरात ओरडले. "जळते! दूर करा याले! मारा याले!"

तेवढ्यात मालक इंजिनकडून धावत आले. त्यांना काय दिसलं ते मी अनेकदा मनात उभं केलं आहे. भिंतीवर माझं अक्षर, तेजाबाजवळ पाणी नाही. खाली जिवापाड जपलेला भाऊ, जळणारा. त्याच्या छातीवर बसून तेजाबावर पाणी ओतणारा एक माणूस, ज्याला आधी याच गोष्टीसाठी मार पडला होता. ते किंचाळले, "तेजाबावर पाणी! मारून टाकते माह्या भावाले!"

त्यांनी कावडवाल्याला केसांना धरून मागे खेचलं. बादली लवंडली. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "का झालं रे? सांग, का झालं?"

तार अजून माझ्या हातात होती.

"यानं पाणी टाकलं," मी म्हणालो.

यात खोटं काही नव्हतं. त्याने पाणी टाकलंच होतं. आधी काय झालं ते मी वगळलं, आणि तार फळीच्या मागे सरकवून दिली.

त्यानंतरचं मी खोलीच्या दारातून पाहिलं. त्याला ओढत धान मोजायच्या काट्याजवळ नेलं. पहिला तडाखा मासोळ्यांची थट्टा करणाऱ्या त्या हमालाचा. मग मालकांचा पट्टा, चापाच्या बाजूने. पटातल्या लोकांनी तुताऱ्या उलट्या धरल्या नाहीत, खिळ्याच्याच टोकाने टोचल्या, बैलाला टोचतात तशा. एक खिळा गालातून आरपार गेला. तो उठायचा प्रयत्न करत नव्हता. डोकंही झाकत नव्हता. उजवा हात खोलीकडे करून सारखा ओरडत होता, "येर टाका! त्याले येर टाका! मंग मारा मले!"

तो उजवा हात त्यांनी काट्याच्या लोखंडी फळीवर ठेवला आणि वरून वजन टाकलं.

खोलीत धाकटे मालक एकटे पडले होते. बादलीतलं पाणी जमिनीवरून वाहत कोंड्यात जिरत होतं. गिरणीच्या आवारात विहीर होती, दोरबादलीसकट. मला माहीत होतं की आत्ता, याच वेळी, ओतत राहायला पाहिजे. मी विहिरीकडे गेलो नाही. पाणी आणलं असतं तर कावडवाला बरोबर ठरला असता, आणि मग कोणीतरी विचारलं असतं की बॅटरी फुटली कशाने. घरातून बायका लोणी घेऊन धावत आल्या. ते त्यांच्या डोळ्यांना लावलं गेलं. मी डोकं धरून बसलो.

ठेकेदाराच्या ट्रकमध्ये घालून त्यांना मूल गावाच्या रस्त्याने चांद्याला नेलं. वाटेत ते माझ्या मांडीवर होते. खड्ड्यात ट्रक आपटला की माझा हात घट्ट धरायचे, बादलीत बुडवलेला तोच हात. दवाखान्यात डॉक्टरांनी मोठ्या मालकांना आत भावाजवळ ठेवून मला व्हरांड्यात बोलावलं, कारण मी बॅटरीवाला होतो.

"लगेच पाण्याने धुतलं का?"

"नाही साहेब."

"का नाही? अशा वेळी पाणीच लागतं, खूप, सतत. तुम्ही हे काम करता, तुम्हाला ठाऊक नाही?"

"जवळ पाणी नव्हतं," मी सांगितलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आत गेले. हे मालकांना कधी कळलं नाही.

दोन्ही डोळे गेले.

कावडवाल्याला त्या संध्याकाळी नदीच्या वाळूत टाकून दिलं होतं. त्याची माणसं येऊन घेऊन गेली. हात वाकडा जुळला. कावड पुन्हा उचलता आली नाही. त्या गावची बॅटरी माझ्या फळीवर तशीच राहिली, तिला न्यायला कोणी आलं नाही, आणि त्या गावचा रेडिओ मुका झाला.

बऱ्याच दिवसांनी आठवडी बाजारात तो मला दिसला. डाव्या हाताने चारोळ्या मोजून देत होता. गालावर खिळ्याचा खड्डा. मी वळणार तेवढ्यात त्याने हाक मारली, "दादा!" मला वाटलं, आता हा सगळ्या बाजारासमोर बोलणार. त्याने विचारलं, "मालकाचे डोये आले का?"

"नाई," मी म्हटलं आणि गर्दीत शिरलो.

पुढे गिरणी सोडून मी एका मोठ्या वर्कशॉपात बॅटरीखात्यात लागलो. नव्या मुलांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच दिवशी मी त्यांना कावडवाल्याची गोष्ट सांगायचो. माझ्या हनुवटीवरचा व्रण दाखवायचो. मुलं घाबरून ऐकायची. इतक्या वेळा सांगितली की कधी कधी मलाही वाटायचं, असंच घडलं असावं.

मग एके दिवशी एका शिकाऊ माणसाच्या हातून बरणी निसटली. तेजाब त्याच्या मानेवर आणि गालावर उडालं. नळ त्याच्या हाताला लागेल इतक्या जवळ होता. तो नळाजवळ गेला नाही. दोन्ही हात वर धरून तो उभा राहिला आणि सोबतचे त्याला फडक्याने पुसत होते. कातडं फडक्याबरोबर निघत होतं. मी धावलो, त्याची मान पकडून नळाखाली घातली. तो माझ्या हाताला चावला, लाथा मारत होता.

"पाणी नाई भाऊ! पाणी नाई! तुमीच सांगतलं!"

त्याचा डोळा वाचला, कान गेला. त्या दिवशीही मी खरं बोललो नाही. मी त्याला खडसावलं की तो नियम वेगळा, हा वेगळा. त्याने विचारलं, "मंग त्या कावडवाल्यानं का चूक केली होती?" मी त्याला कामाला लागायला सांगितलं.

इतकी वर्षं गेली. परवा मी नातवाच्या दुकानात गेलो. तो ड्रोनचा पॅक चार्ज करत होता. दुकानाच्या आत नाही, मागच्या उघड्या आवारात, वाळूच्या घमेल्याशेजारी. स्टूल टाकून समोर बसला होता. अधूनमधून पॅकला हात लावून बघत होता, तापला का, फुगला का. मी विचारलं, "सोडून जात नाही का याला?"

"नाई बाबाजी. लावला का बसाचं. हे उतरवलं का मंगच जेवाचं."

मी त्याला सगळं सांगितलं. चिणगी, तार, बादली. पॅक भरला, त्याने वायर काढली आणि मग म्हणाला, "आमाले घरी सगळ्यांइले मालूम हाये. आबा सांगे. माह्यापाशी सांगून का उपेग? टपरीवर जाऊन सांगा."

टपरीच्या आधी मला दुसरीकडे जायचं होतं. धाकटे मालक ओसरीवर बाजेवर बसले होते. काठी मांडीवर. माझा आवाज ओळखून हसले.

"ये भाऊ. आता चिणग्या दाखवाले आला का?"

म्हणजे त्यांना आठवत होतं. मी विचारलं, "तार मी लावली होती हे तुमाले मालूम होतं?"

"दिसलेली शेवटची गोष्ट हाये ते, मले मालूम नाई राहीन का? चिणगी मीच मांगलो होतो. तुले कायले नाव ठेवू? बॅटरी फुटली ते फुटली. डोये तं त्यानं पाणी टाकून घेतले ना."

मी सांगितलं. पाण्याने डोळे जात नव्हते, राहत होते. जळजळ तेजाबाची होती. त्याला ओतू दिलं असतं, विहिरीचं पाणी आणत राहिलो असतो, तर कदाचित दोन्ही, कदाचित एक तरी. मला तेव्हाच ठाऊक होतं. डॉक्टरांनी चांद्याला हेच विचारलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "एक तरी?"

"खात्रीनं नाही सांगता येत. पण हो."

काठी त्यांनी आवाजाच्या दिशेने फिरवली. माझ्या कपाळावर बसली. दुसरी खांद्यावर. सूनबाई धावत आल्या, तर ते त्यांच्यावर खेकसले, "तू आत जा!" तिसरी मारायला त्यांना जोर राहिला नाही. धापा टाकत म्हणाले, "माह्या भावानं मले जन्मभर हातानं भरवलं. माह्यापायी त्यानं पट्टा खिळ्याले टांगला तो परत कोनावर उगारला नाई. अन् आता तू गावाले सांगशील का त्यानंच माहे डोये घेतले? त्या मानसाले वढून?"

"त्यांचं नाव टाळता येणार नाही. त्यांनी ओढलं, ते लिहावं लागेल."

"नाई लिवाचं."

"मग कावडवाल्याच्या नातवाचं दुकान बंद पडतं."

कपाळावरचं रक्त माझ्या डोळ्यात उतरलं होतं, मी ते पुसलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि म्हणाले, "लिव. पन त्याले मालूम नवतं, हेही लिव."

ते लिहितो. मोठ्या मालकांना माहीत नव्हतं. पटातल्या लोकांना माहीत नव्हतं, त्या हमालाला माहीत नव्हतं. त्यांनी माझाच नियम पाळला. त्या गिरणीत खरं माहीत असलेले दोघेच होते. एक जण काट्याच्या फळीवर हात चिरडला जात असताना पाणी मागत होता, आणि दुसरा गप्प होता.

ज्यांच्याकडे बॅटऱ्या आहेत त्यांनी एवढं लक्षात ठेवावं. तेजाब पातळ करताना पाण्यात तेजाब घालायचं. चार्ज होत असलेल्या किंवा नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीजवळ ठिणगी पाडायची नाही, कोणी कितीही चिडवलं तरी. आणि माणसाच्या अंगावर, डोळ्यांत तेजाब गेलं तर पाणी, खूप पाणी, पापण्या उघड्या धरून, तो ओरडला तरी, डॉक्टर येईपर्यंत. नदीपलीकडच्या त्या माणसाने तेच चालवलं होतं.